सुहैली: मुंबईत बनलेल्या आणि जगाला न थांबता फेरी मारून आलेल्या बोटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुहैलीबद्दल मी कुठेही दोन ओळी लिहिल्या की तेच तेच प्रश्न येतात, काही अगदी साधे आणि काही असे की उत्तर द्यायला तासभर जावा. म्हणून सगळे एकत्र केलेत. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, जिथे संबंध आहे तिथे कुठला प्रश्न बघायचा ते सांगितलंय.

सुहैली म्हणजे नक्की काय? जहाज, होडी की यॉट?

यॉट, म्हणजे शिडाची बोट, आणि तीही छोटी. लांबी ३२ फूट ५ इंच, रुंदी ११ फूट १ इंच आणि पाण्याखाली साडेपाच फूट. दोन डोलकाठ्या आहेत, पुढची उंच आणि मागची बुटकी, या रचनेला केच म्हणतात. बोट पूर्ण सागवानी. हिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला परत फाल्मथला आला. एकट्या माणसाने न थांबता केलेली ही जगातली पहिली फेरी, आणि ती एका रेसमध्ये झाली (तिच्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे). आणि ही बोट आपल्या मुंबईच्या गोदीत बनलेली आहे, जे मुंबईतल्याच कितीतरी लोकांना माहीत नसतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

नावाचा अर्थ काय? सुहैली की सुहेली?

दोन्ही चालतं, मी सुहैली लिहितो. इराणच्या आखातात अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात, त्यावरून रॉबिनने नाव ठेवलं. तो तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता आणि मुंबई ते आखात ही त्याची नेहमीची फेरी, त्यामुळे हे वारे त्याच्या चांगले ओळखीचे. आता आपल्यासाठी यातली गंमत अशी की अरबीत सुहैल हे एका ताऱ्याचं नाव आहे आणि तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. पावसाळा सरत आला की पहाटे दक्षिणेला दिसू लागतो तोच. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीच्या ताऱ्याशी नातं असलेलं नाव दक्षिण महासागर पार करून येणाऱ्या बोटीला मिळालं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मुंबईत नेमकी कुठे आणि कशी बनली?

मुंबईच्या गोदीतल्या कुलाबा वर्कशॉपमध्ये. काम १९६३ ला सुरू झालं आणि डिसेंबर १९६४ मध्ये बोट पाण्यात उतरली, शॅम्पेन नाही, नारळ फोडून. बांधणारे सुतार जुन्या पद्धतीने काम करणारे होते. वाकसाने लाकूड तासायचं, दोरीच्या कमानीवर फिरणाऱ्या ड्रिलने भोकं पाडायची, फळ्यांच्या सांध्यात सूत ठासायचं. मशीन जवळजवळ नाहीच. जाड भारतीय सागवान, त्याच्या फळ्या, त्याचेच मोठे मोठे तुळईसारखे तुकडे. आपल्याकडे अरबी समुद्रात जाणारी गलबतं आणि मचवे ज्या हातांनी शेकडो वर्षं बांधले त्याच परंपरेतले हे हात, फक्त यावेळी समोर नकाशा परदेशी होता.

मी इथे थोडा हट्टाने बोलतो कारण सुहैलीची गोष्ट सांगताना सगळं श्रेय एकट्या रॉबिनला जातं. तो ग्रेट आहेच, वादच नाही, पण दक्षिण महासागरात दहा-बारा मीटरच्या लाटा जेव्हा बोटीवर आदळत होत्या तेव्हा ती फुटली नाही ती मुंबईच्या कामगारांनी बसवलेल्या सागवानामुळे. त्याच रेसमधल्या दोन प्लायवुडच्या बोटींचं काय झालं ते खाली बक्षिसांच्या प्रश्नात बघा.

डिझाइन पण भारतीय आहे का?

नाही. डिझाइनचं नाव एरिक, काढणारा अमेरिकन डिझायनर विल्यम ॲटकिन, १९२० च्या दशकातलं. आणि त्याचं मूळ आणखी मागे नॉर्वेत जातं. कॉलिन आर्चर नावाच्या माणसाने तिथल्या मच्छीमारांना वादळात वाचवायला जाणाऱ्या शिडाच्या बचावनौका डिझाइन केल्या होत्या, दोन्ही टोकं निमुळती, पोट भरलेलं, बुड जड आणि कील, म्हणजे बुडाखालचा कणा, लांबलचक. म्हणजे बाकीचे लोक जेव्हा बंदरात पळतात तेव्हा बाहेर निघणारी बोट.

आणि हे डिझाइन रॉबिनने निवडलेलंच नव्हतं! त्याने आणि त्याच्यासोबतच्या अधिकाऱ्यांनी एका वेगळ्या, जरा आधुनिक बोटीचे प्लॅन इंग्लंडमधून मागवले होते आणि पोस्टाने आले ते या जुन्या एरिकचे. परत पाठवून दुसरे मागवायला वेळ नव्हता म्हणून हेच बांधायला घेतलं. सोबतचे नंतर एकेक करून बाहेर पडले आणि बोट त्याच्या एकट्याच्या गळ्यात राहिली. नको असलेला नकाशा आला नसता तर पुढचा इतिहास वेगळा असता असं मला तरी वाटतं. म्हणजे नॉर्वेची कल्पना, अमेरिकन कागद, अरबी नाव, मुंबईचं लाकूड आणि हात, इंग्रज मालक. कोणी विचारलं बोट कुठली, तर मी मुंबईची सांगतो, कारण बोट जिथे बांधली जाते तिथली असते.

मुंबईहून इंग्लंडला जहाजावर लादून नेली का?

नाही हो, चालवतच नेली. डिसेंबर १९६५ मध्ये रॉबिन, त्याचा भाऊ ख्रिस आणि मित्र हाइन्झ फिंगरहट असे तिघं मुंबईहून निघाले. मस्कत, सलाला, मग आफ्रिकेच्या किनाऱ्याने मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम करत दक्षिण आफ्रिका. तिथे पैसे संपले म्हणून थांबून नोकऱ्या केल्या आणि पैसे जमवले. मग केपटाउनहून निघाले ते थेट इंग्लंड, मध्ये कुठे न थांबता ७४ दिवस. १९६७ च्या सुरुवातीला पोचले. या प्रवासात त्याला कळलं की ही बोट महिनोनमहिने समुद्रात राहू शकते, आणि शिडं नीट जमवली तर सुकाणूला हात न लावता सरळ जाऊ शकते. हे दुसरं लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने त्याला तारलं.

ती रेस काय होती?

संडे टाइम्स गोल्डन ग्लोब रेस. १९६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टरने एकट्याने जगाला फेरी मारली होती पण सिडनीला एक थांबा घेऊन. मग उरलं काय, तर न थांबता जाणं, आणि तीन-चार जण तशीही तयारी करतच होते. संडे टाइम्सने मार्च १९६८ मध्ये त्या सगळ्यांना एका रेसमध्ये गुंफलं. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ मध्ये कधीही निघा, एकटे, कुठे थांबायचं नाही, बाहेरून कसलीही वस्तू किंवा मदत घ्यायची नाही, आणि आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं ल्यूविन आणि दक्षिण अमेरिकेचं हॉर्न ही तिन्ही टोकं ओलांडून परत या. जो पहिला परत येईल त्याला गोल्डन ग्लोब ट्रॉफी आणि ज्याला सगळ्यात कमी दिवस लागतील त्याला ५,००० पौंड. म्हणजे पहिला आणि फास्ट ही दोन वेगळी बक्षिसं. एकूण नऊ जण निघाले.

इतकी जड आणि स्लो बोट रेसमध्ये का नेली?

कारण दुसरी नव्हती. रॉबिनला नवी, लांब आणि वेगवान बोट बांधायची होती, पैसे मागत फिरला, कोणी दिले नाहीत. त्या सुमारास फ्रान्सचा एरिक ताबार्ली मोठी ट्रायमरान (तीन तळ जोडलेली बोट) बांधतोय अशी बातमी होती आणि न थांबता पहिला जाणारा माणूस फ्रेंच असेल हे रॉबिनला पचत नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं की आहे तीच बोट. तिचा कोपरा न् कोपरा त्याला माहीत होता, बांधताना समोर उभा होता. आणि स्लो असल्यामुळे लवकर निघायला हवं हेही त्याला कळत होतं, म्हणून १४ जूनलाच निघाला, ज्याचा फायदा झाला. बर्नार मॉत्सिए त्याच्यापेक्षा मोठी ३९ फुटी पोलादी बोट घेऊन २२ ऑगस्टला निघाला तेव्हा रॉबिन दोन महिन्यांहून जास्त पुढे होता.

सरासरी स्पीड किती होता?

साधारण ४ नॉट, म्हणजे ताशी ४ सागरी मैल. ३० हजारांहून थोडे जास्त सागरी मैल, ३१२ दिवस, भागाकार करा, दिवसाला ९६-९७ मैल येतात. ताशी साडेसात किलोमीटर म्हणजे भराभर चालणारा माणूस जवळपास गाठेल. फक्त तो माणूस दहा महिने रात्रंदिवस चालत राहिला पाहिजे.

मध्येच बोट गळायला लागली होती म्हणतात, मग मुंबईचं काम कच्चं होतं का?

हा प्रश्न बरेच जण थोड्या टोचून विचारतात म्हणून नीट सांगतो.

केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला असताना पाणी जास्त यायला लागलं. रॉबिनने खाली बुडी मारून बघितलं तर कीलजवळच्या सांध्यात दोन्ही बाजूंना फट पडली होती, बोट हलली की उघड-बंद होत होती. लाकडी बोटीत असं होतं, अवजड सामान भरून लाटांवर महिनाभर आपटली की सांधे कुरकुरतात. त्याने श्वास रोखून परत परत खाली जायचं आणि हातोडीने सूत ठासायचं असं सुरू केलं, जमेना, मग कॅनव्हासची लांब पट्टी शिवून, डांबर लावून सूत तिच्या खाली धरून ठोकली आणि तिच्यावर तांब्याची पट्टी, जी रेडिओ बसवणारे लोक बोटीवर विसरून गेले होते! गोरं अंग शार्कला दिसू नये म्हणून निळा शर्ट आणि जीन्स घालून उतरत होता. तरी एक शार्क आलाच, घिरट्या घालत राहिला, शेवटी वर येऊन बंदुकीने मारावा लागला आणि मग परत खाली.

आता कच्च्या कामाचं. ही डागडुजी एका माणसाने भर समुद्रात साध्या हत्यारांनी केली आणि त्यावर बोट उरलेलं जग फिरून आली. हे होऊ शकलं कारण बोट लाकडाची आणि साध्या पद्धतीने बांधलेली होती. जे हातोडीने बनलं ते हातोडीने दुरुस्त होतं.

अजून काय काय मोडलं?

विचारू नका. सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागरात शिरल्या शिरल्या एका लाटेने बोट आडवी केली, केबिनच्या छपराचे सांधे हलले. टाक्यांमधलं पिण्याचं पाणी खराब निघालं, मग पावसाचं पाणी शिडावरून जमवून प्यायचं. बॅटरीचं ॲसिड डोळ्यात उडालं. रेडिओचा ट्रान्समीटर गेला. ऑस्ट्रेलियाला पोचेपर्यंत आपोआप दिशा धरून ठेवणारं सेल्फ-स्टिअरिंग पार निकामी झालं आणि पुढचं अर्धं जग तो शिडं जमवून, सुकाणू बांधून ठेवून आला (मुंबई ते इंग्लंडचा प्रश्न बघा, तिथे हे शिकला होता).

माझा सगळ्यात आवडता प्रसंग मात्र बारीकसा आहे. बॅटरी चार्ज करायच्या इंजिनातला एक बारीक गॅप, म्हणजे फट, सेट करायचा होता आणि मोजायची पट्टीच नव्हती. त्याने वहीची पानं मोजली, २०० पानांची जाडी एक इंच, म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग. मग हवी तितकी पानं एकत्र धरून त्यावर गॅप लावला. इंजिन चालू झालं. आपल्याकडे ज्याला डोकं लावणं म्हणतात ते हेच.

रेडिओ बंद म्हणजे घरच्यांना काहीच कळत नव्हतं?

नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडजवळ लोकांनी त्याला बघितलं आणि त्यानंतर थेट ६ एप्रिल १९६९ पर्यंत काही नाही. साडेचार महिने. मधल्या काळात तो १७ जानेवारी १९६९ ला केप हॉर्न ओलांडून अटलांटिकमध्ये आला होता पण जगाला पत्ता नव्हता, बऱ्याच जणांनी आशा सोडली होती. एप्रिलमध्ये अझोर्स बेटांच्या आसपास एका तेलवाहू जहाजाला त्याने दिव्याने सिग्नल देऊन स्वतःचं नाव कळवलं, जहाजाने लंडनला कळवलं. त्याच्या आईवडिलांनी ते साडेचार महिने कसे काढले असतील याचा विचार केला की मला बोटीपेक्षा त्यांचंच जास्त वाटतं.

न्यूझीलंडला बोट वाळूत रुतली होती, मग "न थांबता" कसं काय?

चांगला प्रश्न आहे आणि उत्तर नियमात आहे. ओटॅगोजवळ आपली खबर कळवायला किनाऱ्याच्या जवळ गेला आणि ओहोटीत बोट वाळूवर टेकली. त्याने स्वतः नांगर टाकला, भरती यायची वाट बघितली आणि स्वतःच सुटला. मदत करायला तयार लोक होते, त्याने नाही म्हणून सांगितलं. बंदरात गेला नाही, किनाऱ्यावर उतरला नाही, कोणाकडून काही घेतलं नाही. नांगर टाकायला बंदी नव्हती. त्यामुळे फेरी वैध.

३१२ दिवस की ३१३? दोन्ही वाचलंय.

१४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ वजाबाकी केली तर ३१२. निघायचा आणि पोचायचा असे दोन्ही दिवस धरले तर ३१३. वाद नाही, मोजायची पद्धत आहे. दुपारी तीन वाजून पंचवीस मिनिटांनी रेषा ओलांडली. कस्टमचे लोक बोटीवर चढले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, कुठून आलात? तो म्हणाला, फाल्मथहून. हा किस्सा खरा आहे, तेही बरेच जण विचारतात.

दोन्ही बक्षिसं त्यालाच कशी मिळाली? तो तर सगळ्यात स्लो होता ना?

कारण नऊ जणांमध्ये परत आला तो एकटाच. चौघांनी तर अटलांटिक सोडायच्या आधीच रेस सोडली होती, कोणी आजारपणामुळे, कोणी बोट मोडल्यामुळे, आणि चे ब्लाइथ आफ्रिकेपर्यंत जाऊन थांबला. उरलेल्या तिघांची गोष्ट अशी.

मॉत्सिए फेब्रुवारी १९६९ मध्ये हॉर्न ओलांडून आला होता, वेगाने येत होता, फास्टचं बक्षीस त्याला मिळण्याची दाट शक्यता होती. त्याने इंग्लंडला यायचंच नाकारलं. केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीने निरोप टाकला की मी समुद्रावर सुखी आहे आणि पुढेच जातोय, आणि परत अर्धं जग फिरून ताहितीला जाऊन थांबला.

नायजेल टेटली प्लायवुडची ट्रायमरान घेऊन होता. त्याने जग फिरून स्वतःची जुनी वाट ओलांडलीसुद्धा, पण मागून डोनाल्ड क्राउहर्स्ट जोरात येतोय अशी बातमी होती म्हणून आधीच खिळखिळी झालेली बोट ताणली आणि मे १९६९ मध्ये घरापासून साधारण ११०० मैलांवर ती त्याच्या पायाखाली फुटली. टेटली वाचला.

आणि क्राउहर्स्ट जोरात येतच नव्हता. त्याची बोट, तीही प्लायवुडची ट्रायमरान, दक्षिण महासागरात टिकणार नाही हे त्याला कळलं होतं, परत फिरलं तर कर्जात घर बुडणार होतं, म्हणून तो अटलांटिकमध्येच फिरत राहून खोट्या जागा कळवत होता. १० जुलै १९६९ ला त्याची रिकामी बोट सापडली, वह्यांवरून सगळं कळलं. मागे बायको आणि चार मुलं. रॉबिनने जिंकलेले ५,००० पौंड त्या कुटुंबाच्या मदतीसाठी देऊन टाकले. हे मी प्रत्येक वेळी सांगतो कारण ट्रॉफी सगळ्यांच्या लक्षात राहते, हे राहत नाही, आणि तेव्हा तो काही श्रीमंत माणूस नव्हता, नवीन बोटीला पैसे मिळाले नव्हते असा माणूस होता.

एकट्याने जग फिरणारा पहिला रॉबिनच ना?

नाही. पहिला जोशुआ स्लोकम, १८९५ ते १८९८, पण तो ठिकठिकाणी थांबत गेला. रॉबिन न थांबता जाणारा पहिला. भारतीयांमध्येही हाच घोळ होतो: थांबे घेत एकट्याने फेरी करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे (२००९-१०, मुंबईहून निघून मुंबईला परत), आणि न थांबता पहिले अभिलाष टॉमी (२०१२-१३, हेही मुंबईहूनच). दोघांची बोट एकच, गोव्यात बनलेली म्हादेई. आणि या सगळ्याचा ध्यास घेतलेले, पाठपुरावा केलेले निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, फलटणजवळच्या विंचुर्णीला राहायचे, २०१८ मध्ये वारले. दोंदे तयारीसाठी इंग्लंडला जाऊन रॉबिनच्या हाताखाली काम करून आले होते. म्हणजे मुंबईने रॉबिनला बोट दिली आणि चाळीसेक वर्षांनी त्याने आपल्या माणसाला विद्या दिली, हिशोब छान जुळलाय.

खरं तर ही रेसिंग यॉट आहे का? क्लासिक रेसिंग यॉट म्हणजे त्या लांबसडक सुंदर बोटी ना?

तुम्ही म्हणता त्या अमेरिकाज कपवाल्या जे-क्लास वगैरे, त्या किनाऱ्याजवळ काही तास पळण्यासाठी बांधलेल्या. सुहैली त्या अर्थाने रेससाठी बांधलेलीच नव्हती, ती घरी जाण्यासाठी बांधलेली होती. पण जिने रेसमध्ये भाग घेतला आणि जिंकली ती रेसिंग यॉट, माझी व्याख्या एवढीच आहे. आणि नंतरच्या काळात जगाला वळसा घालणाऱ्या ज्या ज्या एकट्यांच्या रेस निघाल्या त्या सगळ्यांची आई ही १९६८ ची रेस.

आता बोट कुठे आहे? बघता येते का?

रॉबिनकडेच आहे. रेसनंतरही तो तिला वापरत राहिला, १९९१ मध्ये तर गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनला घेऊन ग्रीनलंडला गेला होता. मग काही वर्षं ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ठेवली. तिथे एक मोठी अडचण झाली, म्युझियमची हवा कोरडी, आणि लाकडी बोट पाण्याबाहेर कोरड्यात ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. समुद्राने जे केलं नाही ते एअर कंडिशनिंगने केलं असतं. २००२ मध्ये त्याने तिला बाहेर काढलं आणि बरीच वर्षं स्वतः खपून दुरुस्त करून परत पाण्यात उतरवली. जून २०१८ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा ती फाल्मथला हजर होती. कायम एका जागी मांडून ठेवलेली नाही, त्यामुळे इंग्लंडला कोणी असाल तर आधी चौकशी करून जा.

गोव्यात हिची प्रतिकृती बनवली होती ती कुठली?

थुरिया. २०१८ मध्ये जुन्या रेसच्या आठवणीत पुन्हा गोल्डन ग्लोब रेस झाली, फ्रान्समधून, आणि नियम असे की १९६८ मध्ये जे होतं तेवढ्यावरच जायचं, जीपीएस नाही, कागदी नकाशे आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजून जागा काढायचं साधन). अभिलाष टॉमींसाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये सुहैलीची प्रतिकृती बांधली. म्हादेईसुद्धा त्यांनीच बांधलेली.

थुरियाचा अपघात झाला, मग हे डिझाइन धोकादायक आहे का?

मला नाही पटत. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात जबरदस्त वादळात थुरिया पूर्ण उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, हलताही येत नव्हतं. पण त्याच वादळात वेगळ्या डिझाइनची दुसरी बोटही उलटली, तिच्याही काठ्या मोडल्या, म्हणजे दोष एकट्या या आकाराचा नाही. आणि थुरिया उलटून परत सरळ झाली आणि तीन दिवस तरंगत राहिली, म्हणूनच २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाज ओसिरिस येऊन त्यांना उचलू शकलं. बोट मात्र तिथेच सोडावी लागली. टॉमींच्या मणक्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या, परत चालायला शिकले, आणि २०२२ च्या रेसला बायानत नावाची दुसरी बोट घेऊन उतरले. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, दुसरे आले.